शेंदराचे दाणे

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, धाराशिव जिल्ह्यात तीन दिवस होतीस, तुळजापूर केलंस ना? नाही केलं. नळदुर्ग? तोही नाही. मग केलंस तरी काय? तर बेंबळी नावाच्या गावात पत्र्यावर काढलेल्या एका बाईचं तोंड बघत बसले होते. हे ऐकून माणसं हळूच विषय बदलतात. आता प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकते.

आधी माझ्या धंद्याचं. मी जुनी तैलचित्रं दुरुस्त करते. पुण्यात लोक मला चित्रांची डॉक्टर म्हणतात आणि ते ऐकून मला बरं वाटतं. त्या बरं वाटण्यानंच पुढे घोळ केला.

डिसेंबरात बेंबळीहून बालाजी नावाच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचं खतं-बियाण्यांचं दुकान. घरात आजीची तसबीर आहे, आजोबांनी स्वतः काढलेली. आजोबा म्हणजे नाना, गावोगावच्या दुकानांचे बोर्ड रंगवायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत आजीच्या चेहऱ्यावर पांढरे दाणे उठलेत. त्यांनी फोटो पाठवला. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि ठोकून दिलं, बुरशी आहे, अर्ध्या दिवसाचं काम. बालाजी म्हणाले, मग शनिवारच्या आत या, शनिवारी तसबीर तेरणा नदीत सोडायची आहे.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. देवाची मूर्ती किंवा घरच्यांची तसबीर खंडित झाली की ती भिंतीवर ठेवायची नाही, पाण्यात सोडायची, हा रिवाज आपल्याकडेही आहेच. पण इथं हट्ट धरला होता बालाजींच्या आत्यानं, गोदाक्कांनी. म्हणजे ज्यांची आई त्या तसबिरीत आहे त्यांनीच. का, ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. आजीचा दुसरा फोटो घरात नव्हता, कुठंच नव्हता. तसबीर गेली की आजीचं तोंड गेलं. बालाजींचा जीव त्यासाठी तुटत होता, आणि आत्याला नाही म्हणायची घरात कुणाची छाती नव्हती. दाणे गेले तर आत्या ऐकेल, एवढीच त्यांना आशा होती.

गुरुवार, येरमाळा आणि कळंब

पुण्याहून एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी माहेरवाशिणींनी भरलेली. सगळ्या येळवशीला निघाल्या होत्या. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडे हा सण दिवाळीच्या वरताण. शेजारच्या बाईंनी मला बार्शीपर्यंत भज्जीची कृती तीनदा सांगितली, आणि मी पुण्याची म्हटल्यावर चौथ्यांदा.

येरमाळ्याला बालाजी गाडी घेऊन उभे होते. पंचेचाळिशीचे, हसरे, बोलायला मोकळे. मी उतरले, नमस्कार-चमत्कार झाले, गाडीत बसले आणि दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की हत्यारांची बॅग एसटीतच राहिली. भिंगं, ब्रश, कापूस, द्रावणांच्या बाटल्या, सगळं कळंबच्या दिशेनं चाललं होतं. मी स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. बालाजींनी गाडी वळवली आणि आम्ही एसटीच्या मागे लागलो.

कळंबच्या स्टँडवर बॅग सापडली. कंडक्टरनं ती कंट्रोलच्या खोलीत नेऊन ठेवली होती आणि तिच्याभोवती चार माणसं नाक धरून उभी होती. बाटलीचं झाकण सैल झालं होतं. कंडक्टर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ताई, येळवशीला नेताव व्हय? पर वास लई उग्र हाय, जरा बगून घ्या." मी त्याला ती दारू नाही, चित्रं पुसायचं औषध आहे हे पटवायचा प्रयत्न केला. त्यानं मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं.

मग आडतबाजाराजवळ चहा. पुण्यात आपण चहा घेणार का असं विचारतो आणि समोरच्यानं नको म्हणायची वाट बघतो. इथं विचारायची पद्धतच नाही. बसलात की चहा, उठलात की चहा, आणि चहावर खव्याचा पेढा. मी दोन खाल्ले. तिसरा बालाजींनी कागदात बांधून दिला, तो मी गाडीत खाल्ला.

बेंबळी, त्याच संध्याकाळी

घर जुनं माळवदाचं, वर मातीचं सपाट छत, पुढं नवीन दोन खोल्या. तसबीर पुढच्या खोलीत, कूलरच्या बरोबर समोर. पत्र्यावर काढलेली, चांगली हातभर उंच. हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू. हात जरा अवघडलेले, बोर्ड रंगवणाऱ्याला बोटं काढायची सवय कुठून असणार. पण डोळे बघितले आणि मी जवळ सरकले. माणूस जिवंत होतं. त्या डोळ्यांभोवती, कपाळावर, गालांवर, हनुवटीवर पांढरे दाणे, खसखशीएवढे, काही मोहरीएवढे.

सगळं घर जमलं होतं. मी मोठ्या ऐटीत कापसाचा बोळा ओला केला आणि गालाच्या कडेचा एक दाणा पुसला. काही झालं नाही. दुसऱ्या बाटलीतलं द्रावण घेतलं. तरी नाही. बुरशी पुसली जाते, हे दाणे रंगाच्या आतून आले होते. भिंग लावलं तर दाणा मेणासारखा दिसला, वरचा रंग फोडून आलेला, आणि काही दाण्यांच्या पोटात सुईच्या टोकाएवढा शेंदरी ठिपका. पुण्यात बसून फोनवर निदान करणाऱ्या डॉक्टरचं हे असंच व्हायला पाहिजे.

बालाजींना समजावलं ते इथंही सांगते. तैलरंग म्हणजे तेलात घोटलेली रंगाची पूड. तेल वाळून कडक होतं, पण आतून गप्प बसत नाही. वर्षानुवर्षं त्यातून आम्लं सुटत राहतात. रंगात शिसं असलं की ही आम्लं शिशाला जाऊन मिळतात आणि त्यांचा साबण होतो. फेसाचा नव्हे, पण साबणच. घरी तेलात कॉस्टिक घालून करतात तोच प्रकार, फक्त कॉस्टिकच्या जागी शिसं आणि एका दुपारच्या जागी पन्नास वर्षं. हा साबण आतल्या आत गोळा होतो, फुगतो आणि एक दिवस वरचा रंग फोडून डोकं काढतो. पत्रा तापला, कूलरची ओल मिळाली, की त्याला जोर चढतो. नाना पत्र्याला गंज लागू नये म्हणून खाली शेंदराचं अस्तर द्यायचे, असं बालाजी म्हणाले. शेंदूर म्हणजे शिसंच. तेव्हा कोडं सुटल्यासारखं वाटलं.

"मग औषध?" त्यांनी विचारलं.

औषध नाही. दाणा खरवडला तर तिथं खड्डा पडतो, आणि चेहऱ्याचे किती खड्डे रंगवणार? मग तो चेहरा नानांचा राहत नाही, माझा होतो. तसबीर कूलरपासून हलवा, उन्हापासून, ओलीपासून लांब ठेवा म्हणजे वाढ मंदावेल, एवढंच मी सांगू शकले. बालाजींचं तोंड उतरलं. दारात एक सडपातळ बाई पदर खोचून उभ्या होत्या. त्याच गोदाक्का. साठी ओलांडलेल्या, चेहऱ्यावर देवीचे जुने खोल व्रण. त्यांनी सगळं ऐकलं, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, मग शनवारचं ठरलं ते ठरलं.

जेवताना ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वांगं. भाकरी ताटाबाहेर लोंबत होती. अक्का मला आग्रह करून वाढत होत्या, पण तसबिरीचं नाव काढलं की उठून जात होत्या.

शुक्रवार, येळवस

सकाळी गाव रिकामं झालं. दुकानं बंद, घरांना कुलपं, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत, तीही शेतात गेलेली. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात. आम्ही डोक्यावर उतरंडी घेऊन निघालो. म्हणजे घरच्या बायकांनी डोक्यावर घेतल्या. मी एक छोटं गाडगं हातात घेतलं आणि बांधावर पाय घसरून त्यातली निम्मी आंबील हरभऱ्याला अर्पण केली. सगळे म्हणाले, बरं झालं, आंबील शिंपडायचीच असते. मला सावरून घेत होते की खरंच शिंपडायची असते, हे पुढे कळलं. खरंच शिंपडतात.

कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी केलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजलेले. मग जेवण. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हे. हिरवे दाणे, पालेभाज्या, शेंगा असं शेतात असेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. तिच्याबरोबर ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आंबील. एसटीतल्या बाईंच्या चार कृतींतून मला जे कळलं नव्हतं ते पहिल्या घासाला कळलं. किती खाल्लं ते सांगत नाही. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवत होते. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर कोण राहतं हे मला सहा वर्षांत कळलेलं नाही.

दुपारी पुरुष झाडाखाली आडवे झाले, लेकरं झोक्यावर. मी खोपीच्या सावलीत टेकले होते. अक्का शेजारी येऊन बसल्या आणि मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागल्या.

"मला देवी आल्या हुत्या. पाच वर्साची हुते. आईनं मला मांडीवरनं खाली ठिवलं न्हाय. सगळी म्हनत हुती, लांब ऱ्हा. तिनं आयकलं न्हाय. म्या उठले आन् ती पडली. आठ दिवसात गेली." मग शेतातल्या हरभऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आता तिच्या तोंडावर उठल्यात. म्या रोज सकाळी बगते. माझ्यापायीच हाय ते. तिला सोडा म्हनलं, तर पोरास्नी वाटतंय म्हातारीचं डोस्कं फिरलंय."

साठ वर्षं ही बाई हे एकटीनं घेऊन बसली होती, आणि मी कालपासून तिच्यासमोर आम्लं आणि अस्तरं करत होते. पण दुसरं माझ्याजवळ होतं तरी काय? मी म्हटलं, अक्का, त्या देवी नाहीत. खालच्या शेंदरामुळं आलंय ते. रसायन आहे.

"आसंल," अक्का म्हणाल्या. "पर शेंदूर समद्या पत्र्याला हाय. मग लुगड्यावर का न्हाय उठलं? हातावर का न्हाय? तोंडावरच का?"

खरं सांगायचं तर कालपासून मलाही हेच खटकत होतं, आणि खटकतंय हे मी स्वतःशी कबूल करत नव्हते. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या बाईनं नेमकं बोट ठेवलं होतं. मी बघते म्हटलं. अक्का उठून भांडी आवरायला लागल्या.

शनिवार, मारुतीचं देऊळ

दहा वाजता नदीवर निघायचं होतं. पहाटेच जाग आली, मग गावात चक्कर मारायला निघाले. शनिवार म्हणून मारुतीच्या देवळात गुरवमामा शेंदूर लावत होते. सत्तरीचा माणूस, कोपरापर्यंत हात शेंदरी. परातीत शेंदूर आणि तेल कालवत होते. मी सवयीनं विचारलं, तेल कुठलं? जवसाचं, म्हणाले. खायचं तेल वाळत नाही, जवसाचं वाळून धरून बसतं. हे आम्हाला पुस्तकातून दोन महिने शिकवलं होतं. मी त्यांना म्हटलं, मामा, यात शिसं असतं, जेवायच्या आधी हात नीट धुवा. ते म्हणाले, चाळीस वर्षं धुतोयच की.

कोनाड्यात एक जाडजूड शेंदरी खापरी ठेवली होती. मागच्या वर्षी देवानं कवच सोडलं त्याचा तुकडा. वर्षानुवर्षं लावलेल्या शेंदराचं पुट जड झालं की आपोआप सुटतं, तेच कवच. मी बघू का म्हटल्यावर मामांनी तो हातात दिला. तुटलेल्या कडेला थरावर थर दिसत होते. आणि थरांमध्ये पांढरे, मेणचट दाणे. मी भिंग काढलं. तेच दाणे होते.

"मामा, हे पांढरं काय?"

"ते हुतंयच," मामा म्हणाले. "पर समदीकडं न्हाय. पायापाशी बगा, तिथं पातळ लावतो, तिथं एक दाना गावायचा न्हाय. छातीवर लोकं लई लावत्यात. जितं थर लई, तितं दाने लई."

मी त्यांना नमस्कार केला तोही धड केला नसेल. घराकडे पळत सुटले. या वयात आणि आदल्या दिवशीची भज्जी पोटात असताना मी पळाले, यावरून काय ते समजा.

तसबीर हिरव्या कापडात बांधून ओसरीवर ठेवलेली होती. गाडी दारात. बालाजींना म्हटलं, पाच मिनिटं द्या. गाठ सोडली. चौकटीच्या आतल्या कडेला, जिथं पत्रा उघडा होता, तिथं भिंगातून पाहिलं. शेंदराचा एक पातळ थर, त्यावर लुगड्याचा हिरवा. बस. मग चेहऱ्याकडे आले. कानापाशी एक मोठा दाणा आधीच कधीतरी गळून पडला होता आणि तिथं बारीक खड्डा होता. त्या खड्ड्याच्या भिंतीवर मी उजेड टाकला आणि फोनला भिंग लावून फोटो काढला.

खाली शेंदूर. त्यावर कातडीचा रंग. त्यावर पुन्हा शेंदूर. पुन्हा कातडीचा रंग. पुन्हा शेंदूर. असे शेंदराचे चार थर, कातडीच्या रंगाचेही चार. मी तीनदा मोजून पाहिलं.

बालाजी माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना थर दाखवले तर ते एकदम म्हणाले, नाना बोर्डावरचं नाव चुकलं की असंच करायचे. पुसत नव्हते. त्यावर शेंदराचं अस्तर मारायचं, वाळू द्यायचं आणि वरून नवं लिहायचं. ते लहान असताना नानांच्या हाताखाली बसून बघत असत.

अक्का आतून आल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, नदीवर जायच्या तयारीत. मी त्यांना पायरीवर बसवलं आणि फोन हातात दिला. म्हटलं, अक्का, तुम्ही विचारलं होतं, तोंडावरच का. लुगड्याखाली शेंदूर एकदाच आहे. तोंडाखाली चारदा. नानांनी तुमच्या आईचं तोंड काढलं, त्यांना पटलं नाही, शेंदूर मारून झाकलं आणि पुन्हा काढलं. तोंड चार वेळा काढलंय. शेंदूर तिथं जाड झाला म्हणून दाणे तिथं उठले. देवीचा त्यात काही संबंध नाही.

अक्का कितीतरी वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. शेंदरी, कातडी, शेंदरी, कातडी. बोट पडद्यावर टेकलं की चित्र हलायचं, मग मी ते परत जागेवर आणून द्यायची.

"आई गेल्यावर नाना मला समोर बसवायचे," त्या म्हणाल्या. "मोकळ्या दारात, उजेडाला. घटकाघटका बगत ऱ्हायचे. बोलायचे न्हाईत. कवाकवा मधीच कुंचला टाकून उठून जायचे. म्या समजायचे, हिच्यापायी बायकू गेली म्हनून बगत्यात. कदी इचारलं न्हाय."

बालाजी जवळ येऊन उकिडवे बसले. घरात आजीचा फोटो नव्हता, हे ते हळूच म्हणाले. आणि जुनी माणसं म्हणायची, गोदीचं तोंड अगदी आईवर गेलंय. नाना बघणार तरी कुणाकडं?

अक्कांनी फोन माझ्या हातात परत दिला. कापड बाजूला सारून तसबीर मांडीवर घेतली आणि त्या दाणे उठलेल्या गालावरून, मी नको म्हणायच्या आत, हात फिरवला.

"मग ही चौथी?"

हो म्हटलं. यानंतर त्यांनी पुन्हा अस्तर मारलं नाही.

अक्का रडत होत्या, पण आवाज स्थिर होता. "चार डाव हुडकली त्यांनी तिला, माझ्या तोंडात," त्या बालाजींना म्हणाल्या. "आता म्या तिला पान्यात कशी सोडू?"